उलाळ

आमचे सोनाळा गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला अंबाबरव्याचे जंगल, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. दिवाळीच्या आसपास कापूस घरात येऊ लागतो आणि ओसरी, माजघर, जिथे जागा असेल तिथे त्याची गंजी लागते. आता तो टेम्पोने जातो. माझ्या लहानपणी, एकाधिकार खरेदीच्या काळात, तो बैलगाडीने खरेदी केंद्रावर जायचा. गाडीला तट्ट्या बांधायच्या, दोघांनी वर चढून कापूस तुडवायचा, खाली वडील उभे राहायचे. कापूस निम्मा भरला की ते पुढे जाऊन जू हाताने उचलून पाहायचे. मग वर उभ्या असलेल्याला सांगायचे, "मांगचा जरा पुढं ओढ." कधी उलटेही सांगायचे. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मांगं जड झालं तं गाडी उलाळ होते, बैलाच्या गळ्याले फास बसते. पुढं जड झालं तं बैलाचा खांदा जाते. वजन आखावर राह्यलं पायजे."

गाडीचा मागचा भाग जड होऊन पुढचा वर उचलला गेला की ती 'उलाळ' झाली असे म्हणतात. जुन्या कोशांत हा शब्द सापडतो, शहरातल्या बोलण्यात आता सापडत नाही. मला तो पुन्हा आठवला पन्नाशीला पोचल्यावर, अमेरिकेतल्या एका विमान अपघाताचा चौकशी अहवाल शब्दकोश शेजारी घेऊन वाचताना.

हा अहवाल मी का वाचत होतो हे आधी सांगायला हवे. मी चोवीस वर्षे एका मालवाहतूक कचेरीत बिल्ट्या लिहिल्या. पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, माल काय, वजन किती. माल काय आणि वजन किती, हे पाठवणारा सांगेल ते लिहायचे. गठ्ठा उघडून पाहायची पद्धत नव्हती आणि तेवढा वेळही नव्हता. एकदा मी "सुटे भाग, नऊ नग" असे लिहिले. त्या नऊ नगांत दोन आम्लाने भरलेल्या बॅटऱ्या होत्या. त्या लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर रचल्या गेल्या आणि पोचेपर्यंत गठ्ठ्यांची चाळण झाली. भरपाईतला काही भाग ज्याने ते नग रचले त्या क्लीनरच्या पगारातून कापला गेला. त्याला अक्षरे वाचता येत नव्हती. आली असती तरी बिल्टीवर बॅटरी हा शब्दच नव्हता. तो शब्द न लिहिणारा मी होतो आणि माझा पगार पूर्ण आला. तेव्हापासून माल चढवताना झालेल्या चुका शेवटी कोणाच्या खात्यावर जातात, हे शोधायची मला सवय लागली. शाळेत जे शिकलो ते दहावीपर्यंत; पुढचे या सवयीने शिकवले.

१९९६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात व्हॅल्युजेट कंपनीचे विमान दलदलीत कोसळून ११० माणसे गेली. त्याच्या मालखणात ऑक्सिजन तयार करणाऱ्या जुन्या नळकांड्यांची खोकी होती. कागदावर त्या 'रिकाम्या' होत्या. प्रत्यक्षात त्या भरलेल्या होत्या, त्यांच्यावर सुरक्षेच्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, आणि शेजारी विमानाची टायरे ठेवलेली होती. असे नळकांडे पेटले की भयंकर तापते आणि वर प्राणवायूही पुरवते. हे वाचताना मला माझे नऊ नग आठवले. प्रमाण अर्थातच वेगळे; चूक त्याच जातीची.

मात्र उलाळ झालेले विमान ते नव्हे. ते दुसरे, फाइन एअर कंपनीचे डीसी-८. ७ ऑगस्ट १९९७ रोजी भर दुपारी ते मायामीहून डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सांतो दोमिंगोला निघाले. आत चाळीसेक टन माल होता, आणि तो काय होता? कापड. डेनिम, ज्याच्या जीन्स शिवतात ते. म्हणजे शेवटी कापूसच. उड्डाणासाठी नाक उचलले ते उचलतच गेले. वैमानिकाने खाली दाबूनही ते आवरेना आणि विमान धावपट्टीपासून थोड्याच अंतरावर पडले. विमानातले चार आणि रस्त्यावरच्या मोटारीतला एक असे पाच जण गेले. माल आत घसरला असावा, असे आधी सगळ्यांना वाटले. चौकशीत वेगळेच चित्र पुढे आले. ऐनवेळी विमान बदलले होते. एका विमानासाठी आखलेला माल दुसऱ्यात चढवताना पॅलेट सांगितलेल्या जागी बसल्या नाहीत. पॅलेट जमिनीला पकडून ठेवणारी कुलपे बरीचशी उघडी होती. एकूण भार आखला होता त्यापेक्षा मागे गेला. वैमानिकांच्या हातात जो कागद आला त्यावर मात्र तो होता तिथेच होता. त्या कागदावरून त्यांनी शेपटाकडचा आडवा पंख किती कलता ठेवायचा ते ठरवले. गाडी उलाळ होती आणि जू मात्र ती सरळ आहे असे समजून बांधले होते.

विमानाचेही गाडीसारखेच आहे. किती वजन, हा अर्धा प्रश्न. ते कुठे, हा उरलेला अर्धा. पंखांच्या आधाराने विमान हवेत तोलले जाते. त्या आधारापासून भार फार मागे गेला तर नाक वर जाते, फार पुढे आला तर ते उचलत नाही. म्हणून प्रत्येक पॅलेटचे वजन काट्यावर करायचे, ती कोणत्या क्रमांकाच्या जागी बसली ते लिहायचे, त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा आणि त्या लोडशीटवर कप्तानाची सही घ्यायची, अशी रीत आहे. माझ्या वडिलांनी जू उचलून जे पाहिले तेच हा कागद पाहतो. फरक एवढाच की वडील भरणाऱ्याजवळ उभे होते आणि गाडी हाकणारेही तेच होते. विमानात भरणारा एक, मोजणारा दुसरा, लिहिणारा तिसरा, हाकणारा चौथा. चौघांना जोडणारा धागा म्हणजे तो कागद.

भरणारा आणि हाकणारा यांची ही ताटातूट आमच्या मुलखात विमानाच्या कितीतरी आधी झाली. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. हा मान खामगावला नव्हता, तिथल्या कापसाला होता. जिनात सरकी वेगळी होऊन रुई निघायची, प्रेसमध्ये तिची गाठ बांधली जायची, गाठीवर मार्का पडायचा. गाठ बांधली गेली की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. दिसतो तो मार्का. आजची आपली गाठ १७० किलोची धरतात. एवढ्या दाबात एखादी ठिणगी जिनातून रुईबरोबर आत गेली तर ती पेटत नाही, धुमसते. दिवसेंदिवस धुमसते. प्रेसमधले जुने कामगार गाठीला कान लावत, हात लावून ऊब पाहत. ओला कापूस तर आपल्याआप तापू शकतो. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ओल्या कापसाला स्वतंत्र क्रमांक आहे, १३६५. आमच्याकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. या यादीतली त्याची ओळख फारशी कोणाला ठाऊक नसते.

ती ओळख मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजी पटली.

फोर्ट स्टिकिन हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. त्यात १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा होता, ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत उतरवायची लढाऊ विमाने खोक्यांत बंद होती. कराचीत विमाने उतरली आणि जहाजात जागा झाली. युद्धामुळे रेल्वेवर ताण होता, मुंबईच्या गिरण्यांना कापूस हवा होता. रिकामी जागा कोण सोडतो? त्या जागेत ८,७०० कापसाच्या गाठी चढल्या. शिवाय तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, तांदूळ, मासळीचे खत. कप्तान नेस्मिथ यांनी या भरणीला हरकत घेतली होती. युद्धकाळ आहे या एका वाक्यापुढे ती टिकली नाही.

दोन नंबरच्या खणात तळाशी कापूस होता आणि त्याच खणाच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. या भरणीत कोणीही खोटे लिहिले नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कागदावर सगळे बरोबर होते. स्फोटके म्हणून स्फोटके लिहिली होती, कापूस म्हणून कापूस. चूक दोन खऱ्या ओळी एकमेकींच्या शेजारी आल्यामुळे झाली, आणि कागदावर त्या बहुधा एकाखाली एक आल्याही नसतील.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. शांततेच्या काळात अशा जहाजाला गोदीत घेत नसत. स्फोटके बाहेर समुद्रात पडावांवर उतरवून घेत. युद्धात तो नियम बाजूला पडला. धोक्याचा माल आहे हे सांगणारे लाल निशाणही जहाजावर नव्हते. १४ तारखेला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आसपासच्या काहींना जहाजातून धूर निघताना दिसला होता. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही, जहाजावरच्यांना माहीत असेलच असे त्यांना वाटले. कामगार सुट्टीवरून परतले तेव्हा कापसाच्या खणातून धूर येत होता. आग कशाने लागली याचे सर्वांत संभाव्य उत्तर म्हणजे कोणाच्या तरी विडी-सिगारेटचे थोटूक.

पुढचे दोन-अडीच तास वाचताना जीव कासावीस होतो. अग्निशमन दलाचे लोक आले आणि त्यांनी खणात पाणी ओतायला सुरुवात केली. कापसाची दाबलेली गाठ लगेच बुडत नाही, तरंगते. पाणी वाढत गेले तशा जळत्या गाठी वर वर जाऊ लागल्या, स्फोटकांच्या तळाकडे. आग विझवणारे हात आग वर उचलत होते आणि त्यांच्या हातात दुसरा उपायही नव्हता. जहाज तिथेच बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की पाणी मारत राहावे, यावर बंदराचे, लष्कराचे, जहाजाचे अधिकारी एकमेकांशी बोलत राहिले. गोदीत पाणी पुरेसे खोल नव्हते. आणि निर्णय नेमका कोणी घ्यायचा हेच ठरलेले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या अंतराने दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. कप्तान नेस्मिथ गेले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. हा फरक का राहिला ते गोदीतल्या खलाशांची आणि रोजंदारीच्या हमालांची हजेरी कशी ठेवली जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल. सोन्याच्या विटांचा हिशेब मात्र कित्येक वर्षे चालू राहिला आणि गाळ काढताना त्या सापडतही राहिल्या.

या स्फोटावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेकांना त्यातले सोने आठवते. छत फोडून घरात पडलेली वीट ही गोष्ट रंगवून सांगण्यासारखी आहेच. माझे लक्ष कराचीच्या धक्क्यावर अडकते. विमानांची खोकी उतरली, जागा दिसली, भरली.

पाच वर्षांनी मालाच्या या इतिहासात आमच्या विदर्भाची पाळी आली, आणि या वेळी हवाई मालाची. जानेवारी १९४९ च्या अखेरीस नागपूरमार्गे रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. रफी अहमद किदवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावच्या विमानतळावर भेटायची. टपाल आणि माल एकमेकांत बदलून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. ही सेवा कौतुकाने आठवणारी वृद्ध मंडळी नागपुरात अजून भेटतात.

बिल्टी लिहिणाऱ्याच्या नजरेने मी या सेवेकडे पाहतो तेव्हा मला मध्यरात्रीचे ते दोन तास दिसतात. मुंबईहून आलेल्या विमानात तीन शहरांच्या थैल्या. त्या उतरायच्या आणि त्याच विमानात बाकीच्या तिन्ही शहरांहून मुंबईसाठी आलेल्या थैल्या चढायच्या. म्हणजे परतीचा भार किती आणि कसा, हे मुंबईत कोणालाच माहीत नसणार. तो हिशेब दर रात्री नागपुरात नव्याने, अर्धवट झोपेत, विजेच्या दिव्याखाली होणार. विमाने होती डकोटा. या विमानाला मागच्या बाजूला लहान चाक असते, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसते आणि आतली जमीन उतरती होते. दार मागच्या बाजूला. जड थैली चढावर ओढत पुढे न्यायची तर घाम निघतो. दाराजवळ टाकली तर काम झटपट होते आणि भार मागे राहतो. जमिनीवर उभे असताना हे विमान उलाळच दिसते, मग खरोखर उलाळ झालेले ओळखायचे कसे? काट्यावर, आणि ज्याने थैली जिथे टाकली तिथेच टाकली असे खरे सांगितले त्याच्या शब्दावर. ज्या रात्री काही घडले नाही त्या रात्रींचा इतिहास कोणी लिहीत नाही. नागपूरच्या त्या लोडरांनी हजारो रात्री हे काम केले, आणि त्यांतल्या एकाचेही नाव मला कुठे छापलेले आढळले नाही.

नियम हळूहळू घट्ट होत गेले. हवाई कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने धोकादायक मालाचे पहिले नियमपुस्तक १९५६ मध्ये काढले. आपल्याकडे हवाई मार्गाने धोकादायक माल नेण्याचे स्वतंत्र नियम २००३ मध्ये आले. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, याचा तक्ता आज कुठल्याही विमानतळाच्या माल-विभागात असतो. तसा माल चढला तर तो काय आहे आणि कुठे ठेवला आहे हे कप्तानाला लेखी कळवावे लागते. नेस्मिथ यांना माल माहीत होता, हरकत घेता आली, नाकारता आले नाही. आजच्या कप्तानाला नाकारता येते. माझ्या मते एवढ्या सगळ्या नियमांतला सर्वांत मोलाचा हाच.

तरीही एक अपघात असा आहे की तो यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि तो आपल्याच राज्यातला आहे.

२६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७, उड्डाण क्रमांक ४९१, औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईला निघाले. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. विमान धावपट्टीच्या अगदी शेवटी उचलले गेले, आणि त्याच क्षणी त्या रस्त्यावरून एक ट्रक जात होता. ट्रकमध्ये दाबलेल्या कापसाच्या गाठी होत्या. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर त्या ट्रकच्या अंगाला धडकला. विमान तसेच पुढे गेले, काही किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांत अडकले आणि कोसळून पेटले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली. दोन्ही वैमानिक वाचले.

चौकशीत दोन कारणे ठरली. वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे. ट्रकवाल्याला दोष दिला गेला नाही. हे वाचून मला, खरे सांगतो, बरे वाटले. माझ्या क्लीनरच्या वेळी कोणी इतका विचार केला नव्हता. फाइन एअरच्या चौकशीतही पॅलेट ढकलणाऱ्या माणसांवर बोट ठेवून अहवाल थांबला नाही. माल भरणारी कंपनी, विमान चालवणारी कंपनी आणि देखरेख करणारे सरकारी खाते, तिघांचीही नावे त्यात घेतली गेली.

त्या ट्रकचा माल कोणत्या जिनातला, कुठल्या गावचा, ते मी बरेच दिवस शोधत होतो. आता सोडून दिले आहे. एप्रिल म्हणजे हंगाम संपत आलेला, प्रेसमधून शेवटच्या गाठी निघण्याचे दिवस. कुठल्यातरी कचेरीत माझ्यासारख्या एखाद्याने त्याची बिल्टी लिहिली असणार: गाठी इतक्या, मार्का अमुक, वजन अमुक, पोचवायचे ठिकाण अमुक. भरणी नीट असणार, दोर आवळलेले असणार, वजन आखावर असणार. बीड रस्त्याच्या त्या वळणावर त्याला हात दाखवून दोन मिनिटे थांबवणारा माणूस नव्हता.